बारमाही

नकाशावर ती निळी खूण मीच ठेवली होती.
खानापूर स्टेशनसमोरच्या माझ्या दुकानात,
कुणाच्यातरी फोनची फुटकी काच बदलता बदलता,
शेजारच्या पडद्यावर उपग्रहानं टिपलेलं रान,
त्यात जांबोटीच्या पल्याड, सड्याच्या कडेला,
अंगठ्याच्या नखाएवढा हिरवा डाग.
एप्रिलातसुद्धा हिरवा, म्हणजे पाणी असणार,
म्हटलं, आणि लिहून टाकलं:
झरा. बारमाही.

केवढा शब्द,
आणि टाइप करायला चार अक्षरं.

त्याआधी शंभरेक वाटा चढवल्या होत्या मी,
बऱ्याचशा पायांनी चालून.
कुठल्या वस्तीत कुत्री अंगावर येतात,
वनखात्याचं गेट कधी लागतं,
कणकुंबीची शेवटची बस चालकाचा चहा झाला की सुटते,
कुठल्या ओढ्यात श्रावणात उतरायचं नाही म्हणजे नाही.
पुण्याची, पणजीची, हुबळीची माणसं
मला कधी न बघता
माझ्या भरवशावर बुटांच्या नाड्या आवळत होती.

मे लागला तसा हुबळीचा कुणी संगमेश
दोन रिकाम्या बाटल्या घेऊन तिथवर गेला.
परतल्यावर माझ्या नोंदीला त्यानं दोन ओळी जोडल्या.
शिवी नाही, तक्रार नाही.
नीरु इल्ला.
कवळी हण्णु इदे.
पाणी नाही. करवंदं आहेत.

रात्री जेवताना तांब्या उचलला
आणि तसाच खाली ठेवला.
बायको म्हणाली, काय झालं?
मी म्हटलं, काय नाही की.

रविवारी गेलो.
पुढं गवळीवाड्यातला धाकलू,
चाळीस वर्षं म्हशींच्या मागं चाललेला.
मागं मी, हातात फोन, फोनात बाण.
बाण डावीकडं म्हणाला, धाकलू उजवीकडं वळला.
"अरे, तिकडं दाखवतंय."
"तिकडं तुझा बाण हाय," तो म्हणाला, "पाणी हिकडं हाय."

तरी आधी डावीकडंच नेलं त्याला.
हिरवा डाग म्हणजे अंजनीची दाट झाडी,
कडेनं करवंदीच्या जाळ्या,
खाली तापलेला कातळ.
कातळावर बाटलीचं एक झाकण पडलेलं,
निळं,
अगदी माझ्या खुणेसारखं.
मी ते खिशात टाकलं.
धाकलूनं बघितलं, विचारलं नाही.

पाणी तीनशे पावलं खाली होतं,
कातळाच्या पोटात, वीतभर, वर पानं.
त्यानं पानं सारली,
पहिली ओंजळ बाजूच्या मुळांना सोडली,
मग म्हणाला, पी.

"नाव काय ह्याचं?"
"नाव कशाला? पाणी म्हंतो आम्ही."
त्याची आई म्हणायची बाळंतिणीचं,
कुठल्या बाळंतिणीचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.
खालच्या गावातले कन्नडात आणखी काही म्हणतात.
नकाशात नावाची चौकट मात्र एकच.
आमच्याकडं पाट्यांवरच्या नावांना डांबर फासलेलं
बघतच मोठे झालोत आम्ही.
मी चौकट मोकळी सोडली.

खाली लिहिलं:
वैशाखात एका माणसापुरतं पाणी.
दोघं असलात तर एकानं थांबा, पाझरायला पाव तास लागतो.
बाण चुकतो. गवळीवाड्यात धाकलूला विचारा.
तो नसला तर म्हशी कुठं वळतात ते बघा.
आधीची नोंद मी घरात बसून केली होती.

शेवटची ओळ दोनदा खोडली,
तिसऱ्यांदा राहू दिली.

बारमाही पुसताना पडद्यानं विचारलं, नक्की?
झाकण काउंटरवर स्क्रूच्या डबीत आहे अजून.

त्या रात्री शटर अर्धं ओढून
जुन्या सगळ्या वाटा उघडून बसलो.
पहिल्याच नोंदीत, पहिलीच ओळ:
सोपी चढण.

कुणाला?